बटण कोणाच्या हाती? प्रेक्षकाने निवडायच्या सिनेमाची जुनी गोष्ट (धागा)

१/
विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातून निघालेला चाकरमानी शेअर रिक्षाने स्टेशन गाठतो आणि चर्चगेटपर्यंतचा सुमारे दीड तास बहुधा मोबाइलच्या पडद्यावर काढतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस या पडद्यावर एक निराळी गोष्ट आली. नायकाने न्याहारीला कोणत्या डब्यातले सीरिअल खावे, हे ती पाहणाऱ्यालाच विचारी. उत्तरासाठी अवघे दहा सेकंद. तेवढ्यात बोट उठले नाही, तर निवड आपोआप होई आणि कथा पुढे सरके. 'ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच' हे त्या चित्रपटाचे नाव. प्रेक्षक आता कथाकार झाला, अशी द्वाही सर्वत्र फिरली.

२/
ही द्वाही दोन अंगांनी तपासून पाहण्याजोगी आहे. असा प्रयोग पहिला नव्हता, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे: बटण दाबायला मिळणे म्हणजे गोष्टीवर अधिकार मिळणे, हे गृहीतच डळमळीत आहे. मराठी प्रेक्षकाला तर ते अधिकच तपासून घेता येते, कारण चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी गोष्टीशी बोलण्याची सवय त्याला होती.

३/
प्रथम माँट्रियल, १९६७. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिन्चेरा यांनी 'किनोऑटोमाट' उभा केला. १२७ आसनांचे छोटेखानी चित्रपटगृह, प्रत्येक आसनाला दोन बटणे, एक हिरवे आणि एक लाल. चित्रपट मध्येच थांबे. सूत्रधार प्रत्यक्ष मंचावर येई, पेच समजावून सांगे आणि कौल मागे. पडद्याच्या कडेने आसनांचे क्रमांक हिरवे-लाल उजळत, म्हणजे कोणी काय निवडले हे सर्वांसमक्ष दिसे. बहुमताचा निर्णय लागू होई.

४/
गंमत अशी की पडद्यावरचा नायक, गृहस्थ नोव्हाक, आणि मंचावरचा सूत्रधार एकच: मिरोस्लाव हॉर्निचेक हा नट. पहिला पेच तसा चावट आहे. शेजारची तरुणी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत घराबाहेर अडकली आहे, दार लागले आहे, आणि नोव्हाकची बायको कोणत्याही क्षणी घरी यायची आहे. तरुणीला आत घ्यावे की न घ्यावे? निर्णय प्रेक्षकांचा, परिणाम बिचाऱ्या नोव्हाकला भोगायचे.

५/
यामागचे यंत्र मात्र अगदी साधे. दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू असत आणि एकाच्या भिंगावर झाकण असे. कौल लागला की झाकण या भिंगावरून त्या भिंगावर जाई. आजच्या भाषेत ज्याला 'तंत्रज्ञान' म्हणतात, ते एवढेच.

६/
खरी मेख पुढे आहे. प्रत्येक पेचाला दोन वाटा. त्या दोन्ही वाटांना पुन्हा दोन-दोन फाटे फुटू दिले असते, तर चित्रीकरणाचा डोंगर झाला असता. म्हणून चिन्चेरा यांनी दोन्ही वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकाच जागी आणून जोडल्या. तरुणीला आत घ्या वा न घ्या, पुढचा पेच तोच. चित्रपटाची सुरुवातच मुळी इमारत जळत असल्याच्या दृश्याने होते, आणि प्रेक्षकांनी काहीही निवडले तरी शेवटी इमारत जळतेच. सभागृहात लोक हिरिरीने मतदान करीत. परिणाम मात्र आधीच रिळावर उमटलेला असे.

७/
पुष्कळांनी यात लोकशाहीवरील टोमणा वाचला. टोमणा असेल तर तो कोणाला लागला, हेही पाहण्याजोगे आहे. १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. त्यानंतरच्या राजवटीत हा प्रयोग प्रागमध्ये काही काळ चालला आणि १९७२ मध्ये त्यावर बंदी आली. ज्या मतदानाने काहीच बदलत नव्हते, तेही सत्तेला नकोसे झाले. नुसते बटण दाबण्याची सवयसुद्धा काही राजवटींना धोक्याची वाटते, एवढे श्रेय या विनोदी चित्रपटाला द्यावेच लागेल.

८/
अमेरिकेत याच्याही आधी, १९६१ मध्ये, विल्यम कॅसल यांनी 'मिस्टर सार्डोनिकस' या भयपटात 'शिक्षेचा कौल' घेतला होता. प्रेक्षकांना अंगठ्याचे चित्र असलेली कार्डे वाटली जात. अंगठा वर म्हणजे खलनायकाला दया, खाली म्हणजे शिक्षा. दयेचा शेवट चित्रित झाला होता, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. कॅसल यांना आपला प्रेक्षक नेमका ठाऊक होता, किंवा त्यांनी तो ठाऊक असल्याचे गृहीत धरले. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच.

९/
आता इकडे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या नाटकाला आजच्या अर्थाने संहिता नव्हती. पदे रचलेली होती, ती सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे मात्र उत्स्फूर्त. कोणत्या गावी, कोणापुढे, किती रंगले आहे, यावर प्रवेश लांबे वा आटोपे. शेवट ठरलेलाच होता, रामाऐवजी दुसऱ्या कोणी धनुष्य उचलावे अशी सूचना कोणी केली नसती. परंतु त्या शेवटापर्यंतची वाट रोज नव्याने, समोरच्या माणसांकडे पाहत चालली जाई.

१०/
पुढे संगीत नाटकात प्रेक्षकाच्या हाती एक शब्द आला: 'वन्स मोअर'. हा शब्द बटणाहून कितीतरी बलवान होता. बालगंधर्वांचे पद रंगले की सभागृह तेच पद पुन्हा मागे आणि गंधर्व ते पुन्हा गात, पण तसेच्या तसे नव्हे. नवी जागा, नवी हरकत, नवा ताणलेला स्वर. कथा थांबून राही, नाटक रात्र ओलांडून पहाटेकडे झुके. कथेची गती प्रेक्षक ठरवीत होता, आणि मुख्य म्हणजे मागितल्यावर जे मिळे ते आधी तयार करून ठेवलेले नसे.

११/
याच बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचे. रंगभूमीवर स्त्री म्हणून ज्यांनी महाराष्ट्र वेडा केला, ते पडद्यावर पुरुष संत म्हणून आले. प्रभातसोबतचा हा संसार टिकला नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. कारणे अनेक सांगितली जातात. त्यांत एक नोंदवायला हवे, ते असे की कॅमेऱ्याकडून 'वन्स मोअर' येत नाही. येतो तो 'रीटेक', आणि तो दिग्दर्शकाचा असतो.

१२/
चित्रांची गोष्टसुद्धा इकडे जिवंत माणसाशिवाय चालत नसे. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात घेऊन एकेक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातली आख्याने सांगत आले आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' सुरू केली, ती काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांची आणि दिव्याची. पडद्यावर चित्रे हलल्यासारखी दिसत, आणि सोबत निवेदन व संगीत प्रत्यक्ष चाले. ल्युमिएर बंधूंची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दिसली, त्याच्या आधीची ही गोष्ट. पोथीतले चित्र किती वेळ धरायचे, हे सांगणारा समोरच्या चेहऱ्यांवरून ठरवू शके.

१३/
चित्रपटाने हे सारे बंद केले. रीळ एकदा फिरू लागले की प्रेक्षकाने काय करावे? त्याने शिट्ट्या वाजविल्या, पडद्यावर नाणी उधळली, 'जय संतोषी माँ'च्या वेळी (१९७५) चपला दाराबाहेर काढून चित्रपटगृहाचे देऊळ केले. या साऱ्या जुन्या सवयी होत्या. समोरच्याला ऐकू जाईल या भरवशावर केलेल्या. फक्त समोर आता कोणी नव्हते.

१४/
ही सवय मेली असे मात्र नाही, आणि इथे पुन्हा मनवेलपाडा, फुलपाडा, कारगिल नगर या बाजूला यावे लागते. मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर उत्तरेकडे सरकलेली कोकणी कुटुंबे विरार-नालासोपाऱ्यात मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या सोबत शक्ती-तुऱ्याचे सामनेही आले. कलगी-तुऱ्याचे हे कोकणी रूप. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. गण, गौळण झाली की सवाल-जवाब. एका शाहिराने पुराणातले कोडे घालायचे, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची उकल करायची, आणि जाता जाता चार टोमणेही मारायचे.

१५/
या सामन्याचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो, शाहिरालाही नाही. सवाल अवघड पडला तर बुवा गौळण लांबवितो. टोमणा वर्मी बसला की सभागृहातली एक बाजू उठून उभी राहते. कोणी बक्षीस देतो, त्याचे नाव आणि रक्कम माइकवरून पुकारली जाते, आणि पुढचे कडवे त्या उत्साहाने किंवा त्या रागाने वेगळे निघते. कधी पातळी सुटते, हेही खरे. टोमण्यांची शिवीगाळ झाली की जाणते रसिक मान खाली घालतात. पण ज्याला 'संवादी कथन' म्हणून परदेशी विद्यापीठांत शिकविले जाते, ते येथे घुंगरांच्या तालावर रात्रभर चालू असते.

१६/
येथे एक आक्षेप रास्त आहे. भाव्यांच्या नाटकात राम जिंकणारच असेल, तर किनोऑटोमाटमधली इमारत जळणारच याला नावे का ठेवावीत? दोन्हीकडे शेवट पक्का आहे. आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. एका टोकाला येऊन मिळणाऱ्या वाटा ही फसवणूक नव्हे. ती गोष्टीची जुनी रीत आहे. फरक वचनाचा आहे. सांगलीच्या प्रेक्षकाला कोणी म्हटले नव्हते की शेवट तुझ्या हाती. बटणवाल्या सिनेमाची मात्र सारी जाहिरात या एका वाक्यावर उभी असते.

१७/
दुसरा फरक मौनाचा. तमाशातल्या सोंगाड्याला किंवा शाहिराला सभागृह गप्प झाले की कळते. गप्प बसणे हेही तेथे उत्तर असते. नट घाबरतो, विनोद बदलतो, ढोलकीवाल्याकडे पाहतो. बँडरस्नॅचमध्ये दहा सेकंद गप्प बसले तर यंत्र स्वतःच निवडते आणि पुढे जाते. दोन्ही पर्याय नकोत, हे सांगण्याची सोय त्यात नाही. चिन्चेरा यांच्या आसनांनाही तिसरे बटण नव्हतेच.

१८/
मराठी घराघरांत कौल देण्याची खरी चटक लागली ती सिनेमाने नव्हे, एसएमएसने. २००५ च्या मार्चमध्ये अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल' झाला तेव्हा गोष्टीचा शेवट लोकांनी खरोखर ठरविला होता. जादा दराचे संदेश पाठवून, म्हणजे मताचे पैसे मोजून. पुढे २०१८ पासून 'बिग बॉस मराठी'त तर कथाच माणसांच्या वागण्याची झाली आणि कोणी घरात राहावे, कोणी जावे, हे मतांवर ठरू लागले. परिणामाच्या दृष्टीने हा अधिकार किनोऑटोमाटपेक्षा मोठा आहे. फक्त त्यात कलावंताकडून काही मागता येत नाही. त्याला ठेवता किंवा काढता येते. 'वन्स मोअर' म्हणणारा आणि 'बाहेर' म्हणणारा, हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत.

१९/
आणि बटण दाबल्याची नोंद राहते. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधक मायकल व्हील यांनी युरोपच्या विदासंरक्षण कायद्याखाली नेटफ्लिक्सकडे आपली माहिती मागितली. बँडरस्नॅच पाहताना त्यांनी केलेली एकेक निवड कंपनीने साठवून ठेवली होती. न्याहारीला कोणता डबा, इथपासून. गोष्ट निवडणारा माणूस स्वतःच वाचला जात होता. किनोऑटोमाटमध्येही आसनाचा क्रमांक उजळे, पण तो साऱ्या सभागृहाला दिसे आणि दिवे लागले की पुसला जाई.

२०/
आता अधिक अवघड भाग. प्रेक्षकाच्या हाती गोष्ट द्यावी, असे म्हणणाऱ्याने महाराष्ट्रातला या अधिकाराचा दुसरा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवायला हवा. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली आले. परिनिरीक्षण मंडळाला माणिकच्या साडीवरचा रक्ताचा लाल डाग खुपला. नाटकमंडळींनी डागाचा रंग बदलला, आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना जाहीर विनंती केली की हा डाग लालच आहे असे समजावे. प्रेक्षकांनी ते समजून घेतले. कोणतेही बटण नसताना सभागृहाने गोष्ट पुरी करण्याचे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

२१/
पण दोनच वर्षांनी, डिसेंबर १९७२ मध्ये, 'घाशीराम कोतवाल' आले आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच ते थांबविले. नाना फडणविसांचे असे चित्रण काहींना मान्य नव्हते. तरुण नटांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापून नाटक पुन्हा उभे केले. नाटक कसे असावे हे ठरविण्याचा हक्क आपला आहे, असे विरोधकांचेही म्हणणे होतेच. तेही प्रेक्षकच, किंवा प्रेक्षकांच्या नावाने बोलणारे. 'शोले'त (१९७५) ठाकूरच्या हातून होणारा गब्बरचा मृत्यू सेन्सॉरच्या आग्रहाने बदलला आणि पोलीस अवतरले, हा तर सर्वांच्या परिचयाचा पर्यायी शेवट.

२२/
तेव्हा दाद, सवाल, मत आणि बंदी या एकाच ताकदीच्या पायऱ्या नाहीत. दाद आणि सवाल कलावंताला पुढचे काही घडवायला लावतात. मत घडलेल्यांतून उचलते. बंदी घडू देत नाही. बटणाच्या सिनेमाची जागा मधली आहे, आणि त्याचा दोष एवढाच की तो स्वतःला पहिल्या रांगेत बसवितो. नोव्हाकच्या दाराशी उभ्या तरुणीला प्रेक्षकांपैकी कोणी साधी चादर नेऊन द्यावी म्हटले, तर ते रिळावर नव्हते. शाहिराला ते म्हणता आले असते, आणि त्याने चादरीवर एक कडवे केलेही असते.

२३/
बाजारानेही आपला निकाल दिला आहे. नेटफ्लिक्सने १ डिसेंबर २०२४ रोजी आपले बहुतेक संवादी कार्यक्रम काढून टाकले. उरलेल्या चारांत भारतीय एक होता: २०२२ चा 'रणवीर व्हर्सेस वाइल्ड विथ बेअर ग्रिल्स'. मे २०२५ मध्ये बँडरस्नॅचही गेले. किनोऑटोमाट मात्र २००७ मध्ये चिन्चेरा यांच्या कन्येने पुन्हा उभा केला, आणि त्या वेळीही मंचावर माणूस उभा करावाच लागला. पन्नास वर्षांच्या अंतराने पाहता त्या प्रयोगातला टिकाऊ भाग बटणांचा नव्हता. विनोद करीत, लोकांना चिडवीत कौल मागणाऱ्या सूत्रधाराचा होता. भरतवाक्यापर्यंत सूत्रधाराला ओळखणाऱ्या प्रेक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

२४/
मराठीत असा प्रयोग व्हावा का? अवश्य व्हावा, आणि तो महागही पडू नये. दोन-चार वाटांचे चित्रीकरण, एक हजरजबाबी सूत्रधार आणि तीनशे खुर्च्यांचे सभागृह एवढ्यावर तो विरारमध्येही होऊ शकतो. शक्ती-तुऱ्याला बसणारा प्रेक्षक तेथे तयारच आहे. हात वर करायला त्याला ॲप लागणार नाही.

२५/
अडचण निराळी आहे. चित्रपटाच्या प्रत्येक फाट्याला केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागेल. आणि नटाने मंचावरून प्रेक्षकांच्या सूचनेवर उत्स्फूर्त प्रवेश करायचा ठरविले, तर महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तपासणीसाठी द्यावी लागते. या पूर्वतपासणीला अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जे वाक्य सभागृहातल्या सातव्या रांगेतून रात्री साडेनऊला येणार आहे, ते महिनाभर आधी टंकलिखित करून मंडळाला कसे सादर करावे, याचे उत्तर नियमांत नाही. विष्णुदास भावे यांना हा प्रश्न पडला नाही. ब्रिटिशांचा नाट्यप्रयोगांवरील कायदा १८७६ चा, आणि 'सीतास्वयंवर' त्याच्या ३३ वर्षे आधीचे.